पयनघाटातून हिमालयाकडे: सपाट वऱ्हाडातली ट्रेकची तयारी

अकोल्याच्या जठारपेठेतून पहाटे निघून उमरीच्या दिशेने तासभर चालावे आणि परत यावे. पायांना व्यायाम होतो, घाम येतो, पण चढ मात्र जवळजवळ शून्य. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर, पूर्णा नदीच्या खोऱ्यात वसले आहे. अमरावतीही साडेतीनशे मीटरच्या आतच. जुन्या वऱ्हाडाचे तीन भाग मानत: उत्तरेला मेळघाट, दक्षिणेला बालाघाट आणि दोन्हींच्या मधला सखल, काळ्या मातीचा पयनघाट. आपली बहुतेक वस्ती या मधल्या पट्ट्यात आहे.

तरीही याच पट्ट्यातून दरवर्षी हजारो माणसे डोंगराकडे निघतात. कोणी केदारनाथ-अमरनाथला जाते, कोणी नागपंचमीच्या सुमारास पचमढीजवळच्या नागद्वारला, कोणी पावसाळ्यात कळसूबाईला. अलीकडे सांदकफू आणि एव्हरेस्ट बेस कॅम्पची नावेही घरोघरी ऐकू येतात. या सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: जिथे टेकडीसुद्धा नाही तिथे डोंगराची तयारी करायची कशी? उत्तरे बरीच मिळतात. कोणी रोज दहा किलोमीटर चालायला सांगतो, कोणी जिने चढायला, कोणी जिम लावायला, कोणी प्राणायाम करायला. यातले कोणते उत्तर कशासाठी उपयोगी आहे आणि ते कुठे अपुरे पडते, हे एकदा नीट मांडून पाहायला हवे.

डोंगर काय मागतो

डोंगरातल्या चालीत शरीराकडे तीन वेगवेगळ्या मागण्या होतात. पहिली दमाची: हृदय आणि फुप्फुसांनी तासन्‌तास स्नायूंना प्राणवायू पुरवत राहायचे. दुसरी पायांची: चढताना शरीर उचलायचे आणि उतरताना ते पायरीपायरीने तोलून धरायचे. तिसरी उंचीची: विरळ हवेशी शरीराने जुळवून घ्यायचे. बहुतेक सल्ल्यांची गल्लत इथे होते. दमाचा व्यायाम करून उंचीची तयारी झाली असे मानले जाते, सपाटीवर चालून उताराची तयारी झाली असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात एकीची तयारी दुसरीच्या फारशी कामी येत नाही.

मागणी किती मोठी असते हे आकड्यांतून कळते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो आजही वापरला जातो: दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. गौरीकुंड १,९८२ मीटरवर आहे आणि केदारनाथ ३,५८३ मीटरवर. म्हणजे १,६०० मीटरचा चढ आणि किमान १६ किलोमीटरची वाट. अंतराला सव्वातीन तास, चढाला पावणेतीन. एकूण सहा तास, तेही धडधाकट माणसाला आणि विश्रांती न धरता. अकोल्यात १६ किलोमीटर सहज चालणारा माणूस तिथे का कोलमडतो, त्याचे कारण या पावणेतीन तासांत आहे. ते आपल्या रोजच्या चालण्यात कधी मोजलेच जात नाहीत.

चालणे: आपली मोठी शिदोरी

पायदळ जाणे ही गोष्ट वऱ्हाडाला शिकवावी लागत नाही. अकोल्याहून शेगावला चाळीसएक किलोमीटर चालत जाणारे भाविक वर्षभर रस्त्यावर दिसतात. गजानन महाराजांची पालखी शेगावहून निघून अकोला, वाडेगाव, पातूर करत पुढे मराठवाड्यातून पंढरपूरला जाते, ती महिनाभराच्या चालीने. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे शिवभक्त गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरून घेतात आणि कावडी खांद्यावर घेऊन रातोरात सुमारे १८ किलोमीटर चालत राजराजेश्वराच्या मंदिरात येतात.

व्यायामाच्या नजरेने पाहिले तर या परंपरेत दोन अस्सल गुण आहेत. एक, दीर्घ काळ मध्यम वेगाने चालल्याने हृदयाची आणि स्नायूंची सहनशक्ती वाढते, आणि दमाचा पाया यानेच घडतो. दोन, कावडीत ओझे घेऊन चालण्याचा सराव होतो. ट्रेकला पाठीवर आठ-दहा किलोची सॅक असेल, तर ती निघण्याच्या दिवशी पहिल्यांदा उचलून चालत नाही. घरातल्या पाण्याच्या बाटल्या किंवा तुरीच्या डाळीच्या पिशव्या सॅकमध्ये भरून, तीन-चार किलोपासून हळूहळू वाढवत जाणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे.

चालण्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. सपाट रस्त्यावर कितीही वेळ चालले तरी मांडीचे पुढचे स्नायू आणि पार्श्वभागाचे स्नायू चढाला लागतात तसे कामाला लागत नाहीत. डांबरी रस्त्यावर घोट्याला कसलेच आव्हान नसते. त्याला उपाय आपल्या शिवारात आहे. पांदण रस्ते, शेताचे धुरे आणि उन्हाळ्यात नांगरून ठेवलेल्या वावरातली ढेकळे, यांवरून ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून आठवड्यातून एकदा तासभर चालले, तर घोट्याभोवतीच्या स्नायूंना तोल सावरण्याची सवय लागते. ट्रेकचे बूट पायांत बसवायलाही हीच जागा योग्य. पावसाळ्यात मात्र ही काळी माती बुटाला किलोकिलोने चिकटते. तेव्हा तो नाद सोडावा.

जिना आणि ट्रेडमिल

सपाट गावातला खरा डोंगर म्हणजे जिना. चार मजली इमारतीत तळापासून गच्चीपर्यंत साधारण १२ मीटरचा चढ मिळतो. दहा फेऱ्यांत १२० मीटर होतात, पन्नास फेऱ्यांत ६०० मीटर. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे आणि बारी गावातून तिथे जाताना आठशे मीटरहून अधिक चढावे लागते. म्हणजे आपल्या इमारतीच्या जवळजवळ सत्तर फेऱ्या. एका दिवसात एवढ्या करण्याची गरज नाही. आठवड्यातून दोनदा, दहा फेऱ्यांपासून सुरू करून दोन-अडीच महिन्यांत तीस-चाळीसपर्यंत पोहोचले, तर पायांना चढाची भाषा कळू लागते. जठारपेठेत, रामदासपेठेत आता तीन-चार मजली अपार्टमेंट गल्लोगल्ली आहेत. ज्यांच्याकडे जिना नाही त्यांना रेल्वेचे पादचारी पूल आणि मैदानाच्या प्रेक्षक गॅलरीच्या पायऱ्या आहेत.

जिममधल्या ट्रेडमिलचा हिशेबही सोपा आहे. १५ टक्के चढावर ताशी ४ किलोमीटर वेगाने तासभर चालले की जवळपास ६०० मीटरचा चढ होतो. १० टक्के चढावर ताशी ५ किलोमीटरने ५०० मीटर. दोन पथ्ये मात्र पाळावीत. पुढच्या दांडीला धरून चालू नये. धरल्याने अर्धे काम दांडीच करते. आणि ट्रेडमिल उतरवत नाही, हे विसरू नये.

उतार: दुर्लक्षित अर्धा डोंगर

अनुभवी ट्रेकर सांगतात की गुडघे चढताना बोलत नाहीत, उतरताना बोलतात. त्याला शास्त्रीय कारण आहे. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो ताणला जात असतानाच शरीराचे वजन तोलून धरतो. या ताणातल्या कामाने स्नायूतंतूंना बारीक इजा होते आणि पुढचे दोन-तीन दिवस पाय इतके दुखतात की खाली बसणे अवघड होते. दम लागत नाही म्हणून उतार सोपा वाटतो. पण ठेच लागणे, पाय मुरगळणे, घसरणे हे प्रकार बहुतांशी उतरतानाच होतात, कारण तोवर मांड्या थकलेल्या असतात.

दिलासा देणारी गोष्ट अशी की स्नायू हे फार लवकर शिकतात. एकदा उताराचा सराव झाला की पुढचे काही आठवडे तशाच कामाने होणारी इजा लक्षणीय कमी होते, हे व्यायामशास्त्रात वारंवार सिद्ध झाले आहे. म्हणून जिना चढून लिफ्टने खाली येणारा माणूस तयारीचा निम्मा भाग वाया घालवतो. जिना उतरावा, तोही सावकाश, पाय आपटू न देता. एका पायरीवर उभे राहून दुसरा पाय मनात तीन आकडे मोजत खाली टेकवायचा, हा व्यायाम घरच्या घरी दोन्ही पायांनी करता येतो.

इथे आपल्या आखाड्यांची आठवण ठेवायला हवी. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून काम करते आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. या परंपरेतली बैठक म्हणजे शरीर सावकाश खाली नेऊन पुन्हा वर आणण्याचा व्यायाम. मांडीच्या स्नायूला उतारात जे करावे लागते, त्याचाच तो सराव आहे. संथ गतीने काढलेल्या बैठका, एका पायावरचे तोल साधणारे व्यायाम आणि पाठीचा कणा मजबूत करणारे जोर, एवढे केले तर यंत्रांवाचूनही सपाट गावातला माणूस उताराला तयार होतो. गुडघे आधीच दुखत असतील तर बैठकांची खोली कमी ठेवावी, आणि ट्रेकला हातात दोन काठ्या घ्याव्यात. उतारावर त्या गुडघ्यांवरचा भार कमी करतात.

जवळचे डोंगर

जिना आणि बैठका कितीही केल्या तरी सलग चार-पाच तासांच्या चढ-उताराला पर्याय नाही. तयारीच्या काळात दोन-तीन वेळा तरी खऱ्या डोंगरात जावे लागते, आणि पयनघाटाच्या दोन्ही काठांना डोंगर आहेत. दक्षिणेला अकोल्यापासून तीसेक किलोमीटरवर पातूरच्या टेकड्या लागतात. अजिंठ्याच्या रांगेचा हा भाग. उत्तरेला अकोटच्या पलीकडे सातपुडा एकदम भिंतीसारखा उभा राहतो. शहानूरच्या वर नरनाळा किल्ला ९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. पूर्वेला परतवाडा ३७० मीटरच्या आसपास, आणि तिथून घाट चढून गेल्यावर चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर. चिखलदऱ्याजवळचा वैराट हा विदर्भातला सर्वांत उंच परिसर. गाविलगडचा किल्लाही इथलाच.

नरनाळा आणि चिखलदऱ्याचा बराच परिसर मेळघाट व्याघ्र प्रकल्पात किंवा त्याला लागून आहे. वनविभागाची परवानगी, ठरलेल्या वेळा आणि सोबत माहीतगार माणूस, यांखेरीज तिथे पायी हिंडू नये. हा नियम वाघाच्या आणि माणसाच्या, दोघांच्याही हिताचा आहे. घाटरस्त्याने चालायचे असेल तर पहाटे, गटाने आणि वाहनांकडे लक्ष ठेवून चालावे.

ज्यांना श्रद्धेने डोंगर गाठायचा आहे त्यांच्यासाठी पचमढी आहेच. महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढणाऱ्यांत आणि श्रावणातल्या नागद्वार यात्रेत विदर्भातल्या भाविकांची संख्या मोठी असते. हजाराहून अधिक पायऱ्या, ओली वाट, दिवसभराचा चढ-उतार: हिमालयाआधीची परीक्षा म्हणून याहून चांगली वाट आपल्यासाठी दुसरी नाही.

उंची: जिचा सराव अकोल्यात होत नाही

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. हवेतले प्राणवायूचे प्रमाण सगळीकडे २१ टक्केच असते, पण उंचीबरोबर हवेचा दाब घटतो. ३,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के राहतो, ५,५०० मीटरवर निम्मा. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात कमी होतो. शरीर आधी श्वास वाढवते. त्यामुळे रक्ताची आम्लता बदलते, आणि मूत्रपिंडे पुढच्या काही दिवसांत ती पुन्हा जुळवतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे लागतात. हे सगळे त्या उंचीवर गेल्यावरच सुरू होते आणि त्याला वेळ लागतो.

तंदुरुस्तीने हा वेळ कमी होत नाही. रोज दहा किलोमीटर धावणाऱ्या तरुणालाही विरळ हवेचा आजार होतो. उलट तो वेगाने चढू शकतो म्हणून त्याला धोका अधिक. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे ही सुरुवात. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, विश्रांती घेतानाही धाप लागणे, ही मेंदूला सूज किंवा फुप्फुसात पाणी आल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी एकच उपाय: तत्काळ खाली उतरणे.

यावर बाजारात तोडगे पुष्कळ आहेत. व्यायामाचे उंची-मास्क हवेचा दाब कमी करत नाहीत, फक्त श्वासाला अडथळा करतात; त्यांनी रक्त बदलत नाही. प्राणायामाने श्वासावर ताबा येतो, आणि उंचावर संथ, खोल श्वास घेतल्याने रक्तातला प्राणवायू काही काळ सुधारतो असे अभ्यासांत दिसले आहे. ही चांगली सवय आहे, पण तिच्या भरवशावर एक दिवस वाचवू नये. अॅसिटाझोलामाइड या गोळीने मूत्रपिंडांचे वर सांगितलेले काम लवकर होते. ती घ्यायची की नाही आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवावे. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय घेऊच नये.

खरा उपाय दिवसांचा आहे. पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य नियम असा: ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा दिवसाला ५०० मीटरहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. या नियमाच्या कसोटीवर पाहिले तर अकोल्याहून रेल्वेने निघून चौथ्या दिवशी केदारनाथला मुक्काम करणारी सहल शरीरावर अन्याय करते. अमरनाथची गुहा ३,८८८ मीटरवर आहे; तिथे आरोग्य प्रमाणपत्राची सक्ती आहे, आणि श्राइन बोर्ड यात्रेच्या किमान महिनाभर आधीपासून रोज चार-पाच किलोमीटर चालण्याचा सल्ला देते. तो सल्ला योग्यच आहे. मात्र तो दमासाठी आहे, उंचीसाठी नाही.

सपाट, उष्ण प्रदेशातली मुले सर्वोच्च शिखर गाठू शकतात हे आपल्या शेजारीच सिद्ध झाले आहे. मे २०१४ मध्ये तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातली मालावत पूर्णा चौदा वर्षांची होण्याआधीच एव्हरेस्टवर पोहोचली. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ या उपक्रमातून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी तिथे पोहोचले. या मुलांची चिकाटी मोठी होतीच. पण त्यांना आधी खडकावर आणि मग टप्प्याटप्प्याने उंच डोंगरांत नेऊन तयार केले होते, हेही तितकेच खरे. पूर्णाची सुरुवात भोंगीरच्या खडकावर झाली आणि मग ती दार्जिलिंग, लडाखला गेली. सपाटीवर पाया घातला गेला. उंचीची तयारी उंचीवरच झाली.

निघण्याआधी रक्त तपासा

विदर्भासाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण पुण्या-मुंबईच्या ट्रेकिंगच्या सल्ल्यांत ती सहसा येत नाही. आपल्या भागात, विशेषतः मेळघाट आणि पूर्व विदर्भात, सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. ज्यांना आजार नाही पण सिकलसेलचे वाहकपण आहे, अशांना एरवी काही त्रास नसतो. उंचावर मात्र त्यांच्या प्लीहेला अचानक इजा होऊ शकते. पोटाच्या डाव्या बाजूला तीव्र वेदना हे त्याचे लक्षण. १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आहे. तपासणी साधी आहे. हिमालयाचे तिकीट काढण्याआधी ती करून घ्यावी.

दुसरी तपासणी हिमोग्लोबिनची. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हवेत प्राणवायू कमी आणि तो वाहून नेणारे रक्तही कमी, ही दुहेरी अडचण घेऊन डोंगरात जाऊ नये. तीन महिने आधी तपासले तर आहाराने आणि औषधाने ती भरून काढता येते. पन्नाशीपुढच्यांनी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणीही याच वेळी करावी.

ऊन आणि हंगाम

वऱ्हाडातली तयारी कॅलेंडरवर बेतावी लागते. हिमालयाचा एक मोठा हंगाम मे-जूनचा, आणि तयारीचे महिने येतात मार्च ते मे. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. उन्हात व्यायाम करून शरीर कणखर होते ही समजूत घातक आहे. उष्णतेशी शरीर दहा-चौदा दिवसांत काही प्रमाणात जुळवून घेते, पण उष्माघात त्याआधीच गाठू शकतो.

म्हणून महाशिवरात्रीला सुरुवात करावी. मेअखेरपर्यंत किमान बाराएक आठवडे मिळतात. पहिल्या पाच-सहा आठवड्यांत, ऊन सुसह्य असताना, लांब चाली आणि पातूर-चिखलदऱ्याच्या फेऱ्या उरकाव्यात. एप्रिल-मेमध्ये सूर्योदयाच्या आत जिना आणि संध्याकाळी घरात बैठका. शेवटच्या आठवड्यात श्रम निम्म्यावर आणावेत. हिवाळी ट्रेकसाठी पोळ्याला सुरुवात केली तर नोव्हेंबरच्या अखेरीस साधारण तेवढेच आठवडे भरतात.

खाण्यासाठी वेगळ्या पाकिटांची गरज नाही. भाकर, डाळ, भुईमुगाचे दाणे, गूळ आणि फुटाणे हे ट्रेकचे उत्तम अन्न आहे. घाम गाळल्यावर नुसते पाणी न पिता लिंबू, मीठ, साखर घातलेले पाणी किंवा पन्हे घ्यावे.

एकूण हिशेब

सगळे मांडून पाहिले तर निर्णय स्पष्ट आहे. दमाची तयारी वऱ्हाडात भरपूर होते. त्यासाठी आपल्याला कोणाचा हेवा करायला नको. पायांची तयारी होते, पण ती चालण्याने आपोआप होत नाही. जिना चढून-उतरून, बैठका काढून आणि दोन-तीनदा सातपुड्यात जाऊन ती मिळवावी लागते. उंचीची तयारी इथे होतच नाही. ती डोंगरात दिवस देऊनच होते.

म्हणून यात्रा आणि ट्रेक आखणाऱ्या मंडळांना विनंती आहे की सहलीचे दिवस कमी करून भाव उतरवण्यापेक्षा उंचीशी जुळवून घेण्यासाठी दोन दिवस वाढवा आणि लोकांना त्याचे कारण समजावून सांगा. ज्यांच्या ताब्यात मैदाने आणि गॅलऱ्या आहेत त्यांनी पहाटे पाच वाजता त्या पायऱ्या लोकांसाठी उघडाव्यात. आणि जाणाऱ्याने महागडा बूट घेण्याआधी ते दोन जादा मुक्काम आपल्या खर्चात धरावेत.